नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्यांसाठी ३ लिटरचा स्टीलचा कुकर

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर राहू लागलेल्या आणि स्वयंपाकाची फारशी सवय नसलेल्या व्यक्तीने पहिले भांडे कोणते घ्यावे, असे विचारले, तर मी एअर फ्रायर किंवा नॉनस्टिक कढईच्या आधी दोन डबे बसणारा ३ लिटरचा स्टीलचा प्रेशर कुकर सुचवेन. हा कुकर माझ्या रोजच्या वापरात आहे आणि साध्या, पौष्टिक जेवणाची घडी त्याच्यामुळेच बसली, असे माझे स्पष्ट मत आहे.

खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, हळद, चिमूटभर हिंग व तेलाचे दोन थेंब, वरच्या डब्यात एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी आणि कुकरच्या तळाशी दीड-दोन वाट्या पाणी, एवढी तयारी झाली की पुढचे काम वाफ करते. आतला दाब वाढल्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे डाळ लवकर मऊ होते. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून दहा-बारा मिनिटे ठेवावे. नुसत्या शिट्ट्या मोजण्यापेक्षा हा हिशेब अधिक भरवशाचा आहे, कारण आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ मात्र कच्ची राहते. तेवढ्या वेळात काकडीची कोशिंबीर करून होते, पालेभाजी निवडून परतता येते. वरणातच दुधी किंवा लाल भोपळ्याच्या फोडी घातल्या, तर वेगळ्या भाजीचीही गरज उरत नाही. तांदळात कमी असलेले लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) डाळीतून मिळते, म्हणून वरण-भात हे पोटभरीचेच नव्हे, तर प्रथिनांच्या दृष्टीनेही चांगले जेवण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात डाळी उकडून किंवा कुकरमध्ये शिजवण्याचीच शिफारस केली आहे.

ॲल्युमिनियमचा कुकर स्वस्त व हलका असतो. तरी आमसूल, चिंच, टोमॅटो यांसारख्या आंबट पदार्थांची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होते आणि ते मला थेट कुकरमध्ये शिजवायचे असल्याने मी स्टीलला पसंती दिली. तळ जाड हवा, नाहीतर खिचडी खाली लागते. झाकण आतून बसणारे असेल तर दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही, ही नवशिक्यांसाठी मोठी सोय आहे. पण अशा कुकरचे तोंड अरुंद असते, त्यामुळे डबे घेऊन दुकानात जावे आणि ते आत जातात का, हे तिथेच पाहावे. आयएसआय चिन्ह तपासावे, कारण २०२१ पासून त्याशिवाय घरगुती कुकर विकण्यास देशात मनाई आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. डाळीचा डबा अर्ध्याहून जास्त भरला, तर फेस वर येऊन शिट्टीच्या नळीत अडकतो. म्हणून झाकण लावण्यापूर्वी ती नळी उजेडासमोर धरून मोकळी आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावेच लागते. रबरी रिंग कालांतराने सैल होते व कडेने वाफ जाऊ लागते, तेव्हा त्याच कंपनीची नवी रिंग घ्यावी. राजमा किंवा छोले करायचे असतील, तर रात्रभर भिजवणे या कुकरमुळे टळत नाही. एका-दोघांना हे माप पुरते. तिघे-चौघे जेवणारे असतील, तर थेट ५ लिटरचा घ्यावा.