आठ महिने आरटीटीवाय: कॉन्टेस्टला मी एफटी४ का सोडलं

हॅम रेडिओच्या फेब्रुवारीतल्या सीक्यू डब्ल्यूपीएक्स स्पर्धेला मी पहिल्यांदा आरटीटीवायवर (रेडिओ टेलिटाइप, म्हणजे रेडिओवरून मजकूर पाठवणं) बसलो आणि सप्टेंबरअखेरची सीक्यू वर्ल्डवाइड स्पर्धा आटोपून आता हे लिहितोय. त्याआधी दोन वर्षं फक्त एफटी८ आणि एफटी४, म्हणजे ठरावीक पाळीने छोटे संदेश पाठवणारे संगणकी मोड. टेलिप्रिंटरच्या जमान्यातला ४५.४५ बॉड वेगाचा मोड लोक अजून का धरून आहेत, हे मला तेव्हा कळायचं नाही. आता कळतं. इथे पुढची चाल संगणकाची नाही, तुमची असते.

एफटी४ला साडेसात सेकंदांची पाळी, आणि एक कॉन्टॅक्ट पुरा व्हायला अशा चार-पाच पाळ्या. आरटीटीवाय सेकंदाला सहा अक्षरं टाकतं. समोरच्याची कॉलसाइन (स्टेशनचं नाव) दिसली की तयार संदेशाचं एफ२ बटण, समोरून झोन (जगाच्या विभागाचा क्रमांक) आला की एफ३, आणि सगळं जुळलं तर पंधरा सेकंदांत लॉगमध्ये नोंद.

शनिवारी संध्याकाळी २० मीटर बँडवर युरोप उघडला, म्हणजे तिकडचे सिग्नल यायला लागले, तेव्हाचं सांगतो. तिघं एकदम आले, स्क्रीनवर नुसता कचरा. पण कानाला एक जण किंचित वरच्या सुरात ऐकू येत होता. त्याच्या कॉलसाइनची शेवटची दोनच अक्षरं हाती लागली होती. तेवढीच परत पाठवली, बाकीचे दोघं गप्प बसले आणि तो पुरा आला. त्या दोन सेकंदांसाठी मी पहाटे साडेपाचपासून खुर्चीत होतो.

कोड पाच बिटांचा, म्हणजे ३२च खुणा, त्यामुळे अक्षरं आणि आकडे एकाच खुणेवर बसवलेत. आकड्यांवर जाण्याची खूण (शिफ्ट) खरखरीत हरवली की ५९९ या सिग्नल-रिपोर्टच्या जागी 'टी ओ ओ' उमटतं आणि आपला झोन २२ 'डब्ल्यू डब्ल्यू' होऊन जातो. सुरुवातीला मी गोंधळून परत विचारायचो, आता सरळ वाचतो. पुष्कळ ठिकाणी स्पेस आली की सॉफ्टवेअर आपोआप अक्षरांवर परततं, म्हणून मी स्पेसऐवजी मधे डॅश घालून '५९९-२२-२२' पाठवतो. ही युक्ती ज्या काकांनी मला हॅमची गोडी लावली त्यांची.

जूनमध्ये इंदूरला वादळानंतर लाइट आली, पण नेट बंद, आणि माझ्या जुन्या डेस्कटॉपचा सेल संपलेला, त्यामुळे घड्याळ भलत्याच तारीख-वेळेवर. एफटी४च्या पाळ्या घड्याळावर चालतात, त्यामुळे तिथे एक ओळ डीकोड होईना. आरटीटीवायला घड्याळाशी देणंघेणं नाही. लॉगपुरती वेळ भिंतीवरचं घड्याळ बघून लावली आणि काम सुरू.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पाठवताना कॅरिअर (रेडिओची मूळ लहर) अखंड पूर्ण ताकदीने चालतो, त्यामुळे १०० वॅटचा रिग (रेडिओ संच) मी ४० वॅटवरच ठेवतो. मे महिन्यात तेवढ्यानेही रिगची पाठ चटका बसेल इतकी तापायची. ऑडिओ जास्त दिला तर सिग्नल शेजारच्यांवर सांडतो, एएलसीचा (रिगची ताकद आपोआप आवरणारी यंत्रणा) काटा हलू देऊ नका. आणि शेजारच्या एलईडी दिव्यांच्या खरखरीत बुडालेला, कानाला न ऐकू येणारा दूरचा देश हवा असेल तर एफटी८च लावा. त्या कामाला मी आजही तेच लावतो.

जानेवारीतल्या आरटीटीवाय राउंडअप स्पर्धेला एफटी४ही चालतं. मी आरटीटीवायवरच बसणार. तोवर गच्चीवरचा दहा मीटर लांबीचा डायपोल (तारेचा अँटेना) अजून थोडा उंच करायचाय.