स्ट्रीमर म्हणून ६२ हजारांचा डबा गळ्यात मारला

माझ्या डॅकमध्ये (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) नेटवर्क प्लेअर आतच आहे, मागे लॅनची वायर खोचायची आणि मोबाइलवरून गाणं लावायचं, बस. आवाजाबद्दल कधीच तक्रार नव्हती, फक्त अॅप अगदी टुकार, प्लेलिस्ट मधेच गायब व्हायची. म्हणून एका डीलरकडे सहज चौकशीला गेलो आणि तिथेच चुकलो. "साहेब, आतल्या प्लेअरमध्ये दम नसतो हो, वेगळा स्ट्रीमर लावून बघा." स्ट्रीमर म्हणजे नेटवरून गाणं घेऊन डॅकला देणारा डबा.

दुसऱ्या दिवशी डॅक घेऊनच गेलो. वसंतराव लावले. आधी डॅकच्या प्लेअरवर, मग त्याच डॅकला यूएसबीने त्याचा स्ट्रीमर जोडून. खोटं कशाला बोलू, फरक होता, तबला अंगावर येत होता! ६२ हजार ठरले, पैसे यूपीआयने त्याच्या पर्सनल खात्यावर, बिल "नंतर पाठवतो". (हो, गाढवपणाच.)

घरी आणला तर फरक गायब. कान चोळून चोळून ऐकलं, काही नाही. चार दिवसांनी मित्राला दाखवायला डेमोच्या वेळचे फोटो मोबाइलवर उघडले तेव्हा दिसलं, पहिल्या फोटोत डॅकच्या डिस्प्लेवर व्हॉल्यूम उणे ३ डेसिबल, स्ट्रीमर लावल्यावरच्या फोटोत शून्य. थोडा मोठा आवाज कानाला "मोठा" नाही वाटत, "चांगला" वाटतो, सगळी गंमत तिथेच. मग १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला, शून्यावर २ व्होल्ट, उणे ३ वर १.४. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं केलं आणि बायकोला गुपचूप बदलायला सांगितलं तर १२ पैकी ७ वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे छापा-काटाच. आणि फरक पडणार तरी कुठून, लॅनने आलेला डेटा आधी बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) साठतो, यूएसबी असिंक्रोनस आहे (म्हणजे डेटा किती वेगाने यायचा ते डॅकच ठरवतो), दोन्हीकडे ताल धरणारं क्लॉक डॅकचंच.

खरा धक्का पुढे. राउटरच्या लिस्टमध्ये हा "हाय-एंड" डबा रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डवरचा स्वस्त कॉम्प्युटर) म्हणून दिसत होता! उघडला तर आत पाय ४, एक साधा पॉवर सप्लाय, आणि फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, फक्त लोगो बदललेला. पाय वाईट नाही हां, त्यावर मस्त स्ट्रीमर होतो, पण सगळं जमवून दहा-बारा हजारांत.

फोन केला तर म्हणे "ट्यूनिंग आमचं आहे ना साहेब". १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी पहिलं विचारलं बिल आहे का. आता यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज जोडून तक्रार टाकलीय, बघू.

वेगळा स्ट्रीमर घेऊच नका असं नाही, चांगलं अॅप आणि वेळच्या वेळी अपडेट हवे असतील तर जरूर घ्या. पण डेमोला बसलात तर आधी व्हॉल्यूमचा आकडा बघा, आणि पक्कं जीएसटी बिल हातात पडल्याशिवाय स्कॅनर उघडू नका. डॅक पुन्हा लॅनवर आलाय, अॅप अजून तसंच टुकार.