ऑनलाइन लिलावात घेतलेले इंजिन आणि बाहेरून दिलेले पैसे

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो तेव्हा गिऱ्हाईक कल्ला उचलून पाहते आणि मगच बोली वाढवते. ऑनलाइन लिलावात विक्रेत्याने लिहिलेल्या वर्णनावरच आकडा लावावा लागतो; म्हणून माल वेगळा निघाल्यास कायदा कुठपर्यंत साथ देतो, हे बोलीआधीच माहीत असलेले बरे.

पावसाळी बंदी उठण्याआधी मी आमच्या फायबर होडीसाठी एका संकेतस्थळावरील लिलावातून वापरलेले आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचे) इंजिन घेतले. ते फक्त गोड्या पाण्यात चालल्याचे वर्णनात लिहिले होते. बोलीची रक्कम संकेतस्थळामार्फतच भरली. त्यानंतर विक्रेत्याने फोन करून वाहतूक आणि पॅकिंगचे पैसे थेट आपल्या यूपीआयवर मागितले व ते आल्याखेरीज माल ट्रकमध्ये चढणार नाही असे बजावले. हंगाम तोंडावर असल्याने तेही दिले.

खोका उघडतानाचे चित्रीकरण माझ्या मुलाने केले. वरून ताजा काळा रंग होता. पण मिस्त्रीने झाकण काढले तेव्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट मिठाच्या खपल्यांनी बुजलेली आणि अनुक्रमांकाची पट्टी कानशीने घासलेली दिसली. विक्रेत्याचा फोन त्या दिवसापासून बंद आहे, हे वेगळे सांगायला नको.

'आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, माल जसा आहे तसा विकला आहे,' असे संकेतस्थळाचे पहिले उत्तर होते. परंतु ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आणि खरेदीदाराने लेखी मागितल्यास संकेतस्थळाला विक्रेत्याचा पत्ता द्यावाच लागतो. ही कलमे उद्धृत करून, चित्रीकरण आणि मिस्त्रीचा लेखी अभिप्राय जोडून पाठवल्यावर बोलीची रक्कम परत मिळाली. हे नियम नियमित व्यवसाय करणाऱ्यांना लागू आहेत. कोणी घरातली एखादी जुनी वस्तू वैयक्तिकरीत्या विकली, तर ते लागू होत नाहीत.

वाहतुकीच्या पैशांचे मात्र त्रांगडे झाले. तो व्यवहार आपल्याकडे नोंदलाच नाही, असे संकेतस्थळ म्हणते. बँकेकडे गेलो, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातील तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास मिळणारे संरक्षण ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना आहे, आणि येथे पिन खातेदारानेच टाकला होता, असे उत्तर मिळाले. अशा वेळी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकण्याआधीच गोठवता येतात. आमच्या बाबतीत ते तोवर काढले गेले होते. 'विजेत्याने माघार घेतली, थेट पैसे भरा, वस्तू तुमची' असा फसवा निरोप हरलेल्या बोलीदारांना येतो, त्यातही पैसे याच वाटेने जातात.

होडीचे इंजिन म्हणजे धंद्याची वस्तू, त्यामुळे ग्राहक आयोगात दाद मिळणार नाही, असे मला अनेकांनी सांगितले. ते खरे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि ती ऑनलाइन दाखल होत असल्याने पहिल्याच कागदासाठी रत्नागिरी गाठावी लागत नाही. विक्रेत्याचा पत्ता हाती आल्यावर वाहतुकीची रक्कम आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई मागणारी माझी तक्रार तेथे दाखल आहे.