विंडोज ११ वरून परत १० वर: सात महिने वापरल्यानंतर

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माझ्या लॅपटॉपवरची विंडोज ११ काढून मी परत विंडोज १० टाकली. त्याला आता सात महिने होत आले. मधल्या काळात चवथीचे अहवाल, कार्तिकापासूनच्या जत्रांची हँडबिलं, नाटकांची पोस्टरं, लग्नपत्रिका असं सगळं काम याच मशीनवर झालं. आता शिगमो (गोव्यातला होळीचा सण) तोंडावर आलाय, पण हातात थोडा वेळ आहे म्हणून सविस्तर लिहिते. त्या दिवसांत मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं, तर माझे निदान दोन आठवडे वाचले असते.

गोव्यात फोंड्याला वरच्या बाजारात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून द्यायचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप २०२१ सालचा, इंटेलचा अकराव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. येताना त्यात विंडोज १० होम होती. मराठी आणि कोंकणी टायपिंगसाठी मी अजून जुनं फॉन्ट पॅकेज वापरते, जे यूएसबीला डोंगल (परवान्याची, पेन ड्राइव्हसारखी काडी) लावल्याशिवाय उघडतच नाही. दुकानाच्या पंधरा वर्षांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली, की श्री गणेशाय नमःच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

जुलैत भाचा आला होता. म्हणाला, "मावशी, ऑक्टोबरात दहा बंद होणार. अकरावर नेतो, फुकट आहे." त्याचं चुकलं नव्हतं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे जाहीरच होतं, आणि माझा लॅपटॉप टीपीएम २.०, सिक्युअर बूट, प्रोसेसर या विंडोज ११च्या सगळ्या अटींत बसत होता. तासाभरात अपग्रेड झालं. विंडोज ११ मला आवडलीही. खिडक्या शेजारी शेजारी लावायची तिची सोय मला अजून आठवते.

डोंगल मात्र चालेना. त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) फार जुना. विंडोज सिक्युरिटीतल्या 'कोअर आयसोलेशन'मधला मेमरी इंटिग्रिटी हा पर्याय चालू असला, की असे जुने ड्रायव्हर सुरक्षेसाठी अडवले जातात. तो बंद केल्यावर डोंगल दिसला, पण दहा-पंधरा मिनिटांनी पॅकेज बंद पडायचं आणि न सेव्ह केलेलं पान जायचं. तुमच्याकडे असा प्रकार झाला, तर आधी हा पर्याय आणि ड्रायव्हरची नवी आवृत्ती या दोन गोष्टी बघा. तेवढ्यावर काम भागत असेल, तर पुढचं काही करू नका. माझं भागलं नाही. नाटक मंडळाचे सेक्रेटरी रोज दारात येऊन "बाय, प्रूफ केन्ना मेळटलें?" (प्रूफ कधी मिळेल?) विचारायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. अपग्रेडनंतर १० दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक'चं बटण असतं. ते दाबलं की जुनी विंडोज जशीच्या तशी परत येते, आपल्या फायली राहतात, फक्त अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग्ज जातात. मी डोंगलशी झगडत बसले आणि चौदाव्या दिवशी बघते तर ते बटण निकामी. जुनी विंडोज ज्या 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये ठेवलेली असते, तो मुदत संपली की आपोआप पुसला जातो. डिस्क क्लीनअपमध्ये नकळत टिक लागली, तर त्याआधीही जातो. ही मुदत कमांड प्रॉम्प्टमधून ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण पहिले १० दिवस सरायच्या आत. अपग्रेड केलं की पहिल्याच दिवशी एवढं करून ठेवा.

मुदत गेली म्हणजे फॉरमॅट मारून विंडोज १० नव्याने टाकणं हाच रस्ता उरला. विंडोज टाकायला तासभर पुरतो. खरी काळजी त्याच्या आधी घ्यायची. मी त्यासाठी एक पूर्ण रविवार दुकान बंद ठेवलं.

बॅकअप घेताना दोन ठिकाणी फसता फसता वाचले. डेस्कटॉपवरचे फोल्डर मी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करत होते, तर काही फायलींच्या बाजूला लहानसा ढग दिसला. अपग्रेडच्या गडबडीत डेस्कटॉप वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला) जोडला गेला होता आणि त्या फायली लॅपटॉपवर नव्हत्याच, नुसती नावं होती. फोल्डरवर राइट क्लिक करून 'नेहमी याच उपकरणावर ठेवा' अशा अर्थाचा पर्याय निवडला, सगळं खाली उतरेपर्यंत थांबले, मग कॉपी केलं.

दुसरी गोष्ट फॉन्टची. डीटीपीवाल्यांनी हे नीट वाचावं. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची कॉपी घेतली म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते. पण विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून साधं इन्स्टॉल केलं, की तो फक्त त्या युजरपुरता बसतो आणि ॲपडेटामधल्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातो. ॲपडेटा हा फोल्डर एरवी दिसतही नाही. माझे पत्रिकांचे निम्मे सुलेखन फॉन्ट तिथे होते. ते राहिले असते, तर जुन्या पत्रिका परत छापताना रडायची वेळ आली असती.

बॅकअप झाल्यावर तीन-चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्या. कॉपी झाली एवढ्यावर विसंबू नये. ज्या सॉफ्टवेअरचं ॲक्टिव्हेशन मशीनला बांधलेलं असतं, ते आधी साइन आऊट करून सोडवून घेतलं. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली होती, म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ आकडी रिकव्हरी की काढून जमाखर्चाच्या वहीत उतरवली. फॉरमॅटला ती लागत नाही, पण बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं आणि तुम्हाला पुन्हा ११मध्ये शिरायचं असलं, तर लॅपटॉप ती मागू शकतो आणि तेव्हा दुसरा इलाज नसतो.

मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० चढवली. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचे वाय-फाय, साउंड, टचपॅडचे विंडोज १०चे ड्रायव्हर घेतले. बॅकअपची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली, म्हणजे पार्टिशन पुसताना चुकूनही तिच्यावर बोट पडायला नको. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली. बॅटरी पूर्ण भरली होती म्हणून निभावलं. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नका.

रात्री नऊला पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. भाषा निवडली, अटी मान्य केल्या आणि विंडोज कुठे टाकायची हे विचारणारी चौकट आली. ती रिकामी होती. एकही डिस्क नाही. खाली एवढंच लिहिलेलं, की ड्राइव्ह सापडला नाही. माझ्या हातापायातलं बळ गेलं. एसएसडीच गेली असं वाटून दहा मिनिटं मी तशीच बसून राहिले.

एसएसडी ठणठणीत होती. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते, आणि विंडोज १०च्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवून, त्याची एक्सई फाईल फोल्डरमध्ये उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवावी लागते. मग त्याच चौकटीतल्या 'लोड ड्रायव्हर'वर क्लिक करून तो फोल्डर दाखवायचा. मी आधी एक्सई तशीच ठेवली आणि सेटअपला ती दिसेना. उलगडून ठेवल्यावर क्षणात डिस्क हजर झाली. काही लॅपटॉपांत बायॉसमधून व्हीएमडी बंद करता येतं, मी तो रस्ता घेतला नाही.

पुढचं सरळ. होम की प्रो हे सेटअपने विचारलंही नाही, कारण कंपनीने घातलेली परवान्याची की मदरबोर्डमध्येच असते. वाय-फाय आधी चाललं नाही, म्हणून फोन यूएसबीला लावून टेदरिंग केलं आणि इंटरनेट येताच विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट झाली. एक पैसा लागला नाही. ज्यांचा लॅपटॉप मुळातच विंडोज ११ होम घेऊन आलाय, त्यांनी मात्र आधी परवान्याचं बघावं. जुन्या आवृत्तीवर जायचा हक्क प्रोबरोबर मिळतो, होमबरोबर नाही. आणि लॅपटॉप अगदी नवा असेल, तर कंपनी विंडोज १०चे ड्रायव्हर देते का हे आधी तपासा. देत नसेल तर या वाटेला जाऊच नका.

मध्यरात्री डोंगल लावला, पॅकेज उघडलं, सेक्रेटरींचं हँडबिल डोळ्यांसमोर आलं. सकाळी नऊला प्रूफ दिलं.

सात महिन्यांत डोंगल एकदाही रुसलेला नाही. पत्रिकांच्या मोसमात मशीन दिवसाचे दहा-बारा तास चालू असायचं. वेगात मला फरक जाणवला नाही. बाराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये दोन जातींचे कोअर असतात आणि ते विंडोज ११ जास्त नीट हाताळते, तेव्हा तसं मशीन असलेल्यांना माझा अनुभव लागू होईलच असं नाही.

सुरक्षेचं काय, हे मला प्रत्येक जण विचारतो. विचारायलाच हवं. १४ ऑक्टोबरनंतर साधी विंडोज १० तशीच वापरत राहणं मला मान्य नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी वर्षभराचे वाढीव सुरक्षा अपडेट आहेत, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेलं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा ३० डॉलर. नव्याने टाकलेल्या विंडोज १०वर मी तोवर लोकल खातं (फक्त त्या मशीनपुरतं) वापरत होते, ते बदललं आणि विंडोज अपडेटच्या पानावरून ऑक्टोबरातच नाव नोंदवलं. दर महिन्याचे अपडेट नियमित येतात.

शिवाय या लॅपटॉपवर आता मी मेल उघडत नाही, बँकेचं काही करत नाही. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपवरची फाईल आधी दुसऱ्या मशीनवर तपासते, मग इकडे आणते. दर शनिवारी दोन हार्ड डिस्कवर बॅकअप घेते. एक डिस्क दुकानात, दुसरी घरी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात. आपल्याकडच्या पावसात एवढं करावंच लागतं.

ऑक्टोबरात ही मुदतही संपेल, म्हणून नोव्हेंबरपासून रोज तासभर जुन्या फायली युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या अक्षरांत) आणतेय. कन्व्हर्टर बराचसा मजकूर नीट देतो, पण रफार एक अक्षर पुढे सरकतो आणि जोडाक्षराची पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. 'मूर्ती'ची 'मूतर्ी' होते. म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचते. जत्रांच्या हँडबिलांचं काम पुरं झालं. लग्नपत्रिका चालू आहेत. भजनी मंडळांच्या पुस्तिका अजून बाकी आहेत, त्या पावसाळ्यात घेईन. त्या झाल्या की डोंगल काढून ठेवणार, आणि याच लॅपटॉपवर भाच्याला बोलावून पुन्हा ११ टाकून घेणार.