हॉटेल खरं, पत्ता खरा, फोन नंबर खोटा

मी पाटण तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सांगतो, ओटीपी कुणाला देऊ नका. माझ्याकडे ओटीपी कुणी मागितलाच नाही, तरी 7,601 रुपये गेले.

मुलीच्या ऑनलाईन परीक्षेचं सेंटर ऐरोलीला आलं. रविवारी सकाळी साडेसातला हजर व्हायचं होतं. शनिवारी एसटीने वाशीला उतरायचं, स्टेशनजवळ कुठंतरी राहायचं आणि सकाळी ठाण्याची लोकल पकडायची, असं ठरवलं. वाशीहून ऐरोली सहावं स्टेशन. मेगाब्लॉक बहुतेक वेळा अकरानंतर असतो, म्हणजे सकाळची गाडी मिळणार. इतका हिशोब मी केला होता.

खरं तर सातारकडच्या माणसाला नवी मुंबईत हॉटेल शोधायची वेळ यायला नको. निम्मं गाव माथाडीत. माझा चुलतभाऊसुद्धा मार्केटला आहे, राहायला कोपरखैरण्याला. पण त्याचं घर लहान, माणसं सात, टीव्ही अकरापर्यंत. पोरीला झोप मिळणार नाही म्हणून त्याला कळवलंच नाही.

मोबाईलवरच्या नकाशात वाशी सेक्टर 17 मधलं एक हॉटेल सापडलं. फोटो साधे, अभिप्राय बरे. ओळखीच्या एका पोराला फोन करून विचारलं, तो म्हणाला, हो, हॉटेल आहे, मी बघितलंय. म्हणून निर्धास्त झालो. नकाशात हॉटेलच्या नावाखाली जो नंबर होता त्यावर फोन लावला.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलला. मागे रिसेप्शनसारखा फोन वाजत होता. खोली 1,900 रुपये, दोन रात्रींचे 3,800. "सर, पूर्ण पैसे आगाऊ भरलेत तर 18 टक्के जीएसटी वाचेल." पैसे वाचतात म्हटल्यावर आपले कान टवकारतात. त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर हॉटेलचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, मॅनेजरचं खातं आहे. मी पिन टाकला. वर पोरीचं आणि माझं आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवलं, कारण चेक-इनला लागतंच.

पाच मिनिटांत पुन्हा फोन. "सर, सिस्टीममध्ये 3,801 ची एंट्री आहे, तुमचा एक रुपया कमी आला, पावती निघत नाही. पूर्ण 3,801 परत टाका, आधीचे 3,800 आपोआप जमा होतील." आता हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. रोज संध्याकाळी रोकड जुळवणारा माणूस मी! एक रुपया कमी असेल तर एकच रुपया मागतात, हे मला कळायला नको? पण त्याचं बोलणं थांबतच नव्हतं, आणि एंट्री जुळत नाही म्हटल्यावर माझ्यासारख्याला ते पटतंसुद्धा. टाकले.

मग तो म्हणाला, दोन्ही परत करायला आता 7,602 टाका. तिथं मात्र मी थांबलो. त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "काही हरकत नाही सर, बुकिंग पक्कं आहे, जादाचे पैसे काउंटरवर रोख घ्या." हॉटेलचा शिक्का असलेली पावतीही आली. हा सोमवार होता. शनिवारपर्यंत मी स्वतःची समजूत घालत राहिलो आणि बायकोला काही बोललो नाही.

शनिवारी रात्री नऊला वाशीत उतरलो, पाठीवर बॅगा घेऊन पोचलो. हॉटेल जिथं दाखवलं होतं तिथंच होतं. काउंटरवरच्या मुलाने माझी पावती नुसती लांबून बघितली आणि विचारलं, "काका, कुठल्या नंबरवर फोन केला होता?" त्याच्या मागच्या पाटीवरचा नंबर वेगळा होता. या महिन्यात माझ्यासारखा हा तिसरा, म्हणाला. नकाशातली माहिती बदलण्याची सूचना कुणीही करू शकतो. यांचा नंबर काढून कुणीतरी आपला टाकला होता. हॉटेलवाल्यांचा यात दोष नाही, पण खोलीही शिल्लक नव्हती.

त्याच मुलाने 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर दिला. फोन लागला. त्यांनी बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला. पैसे त्या खात्यात असतील तोवरच गोठवता येतात, आणि मी पाच दिवसांनी फोन करत होतो. सोमवारीच, तिसऱ्या मागणीला शंका आली तेव्हाच केला असता तर काही हाती लागलं असतं कदाचित. पुढे सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. पैसे अजून नाहीत.

रात्री साडेदहाला चुलतभावाला फोन केला. रिक्षा करून गेलो तर तो खालीच उभा. "आरं, घर आसताना लॉज कशाला हुडकतोस?" एवढंच बोलला. वहिनीने पिठलं-भाकरी केली, पोरांनी टीव्ही बंद केला आणि पोरगी गाढ झोपली. कोपरखैरण्याहून ऐरोली तिसरंच स्टेशन आहे, हे सकाळी गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

घरी आल्यावर काही गोष्टी कळल्या. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे, म्हणजे तो 18 टक्के म्हणाला तिथंच पकडता आला असता. आधारच्या साइटवर मास्क्ड आधार मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आता कुठंही तेच देतो. दोघांचं बायोमेट्रिक लॉक केलं. पण पोरीच्या कार्डाचा फोटो त्या माणसाकडे आहे तो आहेच, पैशांपेक्षा मला तेच जास्त खातं. आणि हॉटेलला फोन करायचा तर नंबर दोन-तीन ठिकाणी ताडून बघा: हॉटेलची स्वतःची साइट, जुनं बिल, कुणी गेलेलं असेल तर त्याच्याकडून पाटीचा फोटो. मी ज्या पोराला विचारलं त्याला हॉटेल आहे का एवढंच विचारलं होतं.

परवा सहज नकाशा उघडला. त्या हॉटेलचा नंबर आता बरोबर आहे. त्याच भागातल्या एका लॉजखाली मात्र मला पाठ झालेला तोच नंबर दिसला. लॉजचा लँडलाईन शोधून फोन केला आणि सगळं सांगितलं. उचलणारा म्हणाला, मालक गावाला गेलेत, सोमवारी करा.