जहाजात पाणी कुठून भरायचं: धक्क्यावरून, टँकरने, बार्जवरून की स्वतः तयार करायचं?

किनारी जहाज बंदरात लागलं की पिण्याच्या पाण्यासाठी चार पर्याय असतात. धक्क्यावरचा हायड्रंट म्हणजे पाण्याचा मोठा नळ, टँकर, नांगरावर असाल तर पाणी आणून देणारी सपाट बोट म्हणजे बार्ज, आणि समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारं जहाजावरचं स्वतःचं यंत्र. टनाचा दर सगळेच विचारतात. मी आधी बघतो ते हे, की मूळ पाणी आणि आपली टाकी यांच्यामध्ये किती पाइप आणि किती टाक्या येतात. जहाजांवरच्या पाण्यातून पसरलेल्या साथींची कारणं बघा: बंदरात भरलेलं दूषित पाणी, न धुतलेल्या टाक्या, चुकून जोडल्या गेलेल्या लाइनी.

या हिशेबात हायड्रंट सरस. मुंबईत धक्क्यावर येतं ते शहराच्या पुरवठ्याचं, शुद्ध केलेलं पाणी. घोळ होतो तो शेवटच्या वीस-तीस मीटरमध्ये. हायड्रंटचं तोंड डबक्यात, पाइप धक्क्यावर लोळतोय, आणि सकाळी त्याच पाइपने कोणीतरी डेक धुतलेला. म्हणून पिण्याच्या पाण्याचा पाइप आपला, वेगळा आणि दोन्ही टोकांना टोपण असलेला हवा. जोडण्याआधी हायड्रंटचं पाणी काही मिनिटं वाहून जाऊ द्यावं. जहाजातलं पाणी उलटं लाइनीत जाऊ नये यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही हवाच.

टँकरबद्दल सरसकट काही सांगता येत नाही. मे महिन्यात कोकणातल्या लहान बंदरात टँकर पालिकेच्या नळावर भरला की कुणाच्या विहिरीवर, हे चालकालाच विचारावं लागतं. झाकण उघडून आत बॅटरी मारा. तळाशी गाळ दिसला तर गाडी परत.

बार्ज सगळ्यात जोखमीची, कारण मध्ये आणखी एक टाकी येते. पाणी उन्हात तापत पडून राहिलं की क्लोरीन उडून जातो. बार्जच्या टाकीचे व्हेंट (हवा जाण्याच्या नळ्या) पाण्यापासून फार उंच नसतात, त्यामुळे लाट आली की खारं पाणी आत जातं. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला की ते लगेच कळतं. पावसाळ्यात उसळत्या पाण्यात बार्ज बाजूला लावणं हीच वेगळी कसरत.

उरला स्वतःचा प्लँट. इव्हॅपोरेटर समुद्राचं पाणी उकळून त्याच्या वाफेचं गोडं पाणी करतो; निर्वातात तो ते ४० ते ६० अंशांनाच उकळतो, तेवढ्या उष्णतेत सगळे जंतू मरतीलच असं नाही. आरओचा पडदा जंतू अडवतो, पण मुंबई बंदराच्या गढूळ पाण्यात तो लवकर चोंदतो. शिवाय तेल आणि सांडपाणी असलेल्या बंदरात समुद्राचं पाणी आत घेऊच नये. दोन्हींच्या पाण्यात क्लोरीन नसतो, तो नंतर घालावाच लागतो. लांबच्या फेऱ्या करणाऱ्या जहाजाला हा खर्च परवडतो; दिवसभर बंदरातच फिरणाऱ्या टगवर (जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) आरओ बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

काहीही निवडलंत तरी भरताना एकदा आणि नंतर गॅलीच्या (जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या) नळावर एकदा क्लोरीन तपासा. गावाकडे ग्रामपंचायतीत ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग बघतात, जहाजावर डीपीडीच्या गोळीने गुलाबी. भारतीय मानकानुसार किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा. रंगच आला नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर ३० टन पाण्याला १ पीपीएमसाठी (लिटरमागे १ मिलिग्रॅम) साधारण ९० ग्रॅम. बादलीत कालवा, निवळी टाकीत ओता, अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. पावडर जुनी किंवा ओलसर असेल तर हे गणित चुकतं.

धक्का मिळणार असेल तर माझ्या मते एक दिवस थांबून हायड्रंटवरूनच भरावं. धक्का मिळत नसेल आणि टाकी तळाला गेली असेल तरच बार्ज, तीही पुढच्या बंदरापर्यंत पुरेल एवढीच. ते पाणी एका वेगळ्या टाकीत घ्या, जुन्यात मिसळू नका, आणि तपासणी होईपर्यंत त्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा.