रब्बी ज्वारी: बियाण्याला औषध लावायचं की उगवल्यावर फवारायचं?

नोकरी पुण्यात आणि कोरडवाहू रान शिरूर, बारामती, इंदापूरकडे, अशांना सप्टेंबर आला की हा प्रश्न पडतो. दोन्हींचा खर्च परवडत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: बीजप्रक्रिया चुकवू नका. कारण खोडमाशी.

ही माशी रोप कोवळं असताना, उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच गाठते. पान उलटून पाहा. शिरेला समांतर, होडीच्या आकाराचं बारीक पांढरं अंडं दिसेल, बहुधा एकेकटं. एक-दोन दिवसांत अळी निघते, पोंग्यातून, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीतून, खाली उतरते आणि वाढीचा कोंबच कापते. मधलं पान सुकतं, ओढलं की अलगद हातात येतं, बुडाला कुजका वास येतो. हीच पोंगेमर. बाजूने फुटवे येतात, पण मागाहून, आणि तोवर जमिनीतली ओल सरत जाते.

पोंगेमर दिसल्यावर फवारून ते रोप वाचत नाही. अंडी दिसतानाच फवारायचं तर रानात रोज फेरी हवी, आणि शनिवार-रविवारी जाणाऱ्याला ती कुठून जमणार? थायामेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड लावलेलं बी मात्र रोपात औषध भिनवतं आणि सुरुवातीचे आठवडे राखण करतं. प्रमाण लेबलवर असेल तेवढंच. हातमोजे घाला, बी सावलीत वाळवा, जिवाणू संवर्धक (उपयुक्त जिवाणूंचं खत) लावणार असाल तर ते सगळ्यात शेवटी चोळा.

पेरणीची तारीखही तितकीच मोलाची, आणि तिला पैसे पडत नाहीत. साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा काळ धरा. त्याआधी पेरलं तर खोडमाशी जास्त, फार उशीर केला तर ओल कमी.

फवारणी राखून ठेवा ती पुढच्या किडींसाठी, कारण तोवर बियाण्यावरच्या औषधाचा जोर ओसरलेला असतो. पानावर आडव्या ओळीत छिद्रं दिसली तर खोडकिडा. पोंग्यात भुशासारखी विष्ठा आणि अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय दिसला तर अमेरिकन लष्करी अळी, जी भारतात 2018 मध्ये कर्नाटकातल्या मक्यावर पहिल्यांदा सापडली. नोझल पोंग्यावर धरा, वरवर पानं ओली करून उपयोग नाही. पंधरवड्याच्या हिशेबाने आंधळी फवारणी तर नकोच. ज्वारीचा कडबा शेवटी आपल्याच जनावरांच्या पोटात जातो.

प्रक्रिया केलेलं बी उरलं तर ते दळायला किंवा कोंबड्यांना चुकूनही घालू नका.